काळ्या नायलॉनचा दाणा उशिरा का गोठतो, आणि त्यात रंगाचा दोष किती

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. सुरतेहून नायलॉन ६ च्या कापडाचं आणि सुताचं वेस्ट घेताय, एक लॉट पांढरा, एक काळा, दोन्हीचा दाणा एकाच एक्स्ट्रूडरवर काढलाय आणि त्यातून खुर्चीच्या चाकांचे पार्ट मारताय. पांढरा नीट चालतो. काळा साच्यात चिकटतो, सायकल टाइम (एक पार्ट काढायला लागणारा वेळ) सात-आठ सेकंदांनी वाढलाय, पार्ट वाकवला की कट्कन तुटतो, वर मशीनजवळ उग्र वास. लॅबच्या डीएससी (नमुना तापवत-गार करत तो कधी वितळतो आणि गोठतो ते मोजणारी चाचणी) रिपोर्टमध्ये मेल्टिंग पांढऱ्याचं २२१ आणि काळ्याचं २१९ आलंय आणि सप्लायर म्हणतो "डायमुळे मेल्टिंग खाली येतं, बॅरल दहा डिग्री उतरवा". बॅरलचं, म्हणजे माल वितळवणाऱ्या नळीचं, तापमान उतरवू का, असा प्रश्न.

त्या कारणासाठी तर अजिबात नको. माझी निम्मी नोकरी डाईंग हाऊसमध्ये गेली आणि उरलेली कंपाउंडिंगमध्ये, त्यामुळे हे भांडण मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय. डाईंगवाले म्हणतात आमच्या रंगाला काही होत नाही, प्लास्टिकवाले म्हणतात सगळं त्या रंगाने बिघडवलं. आणि आपल्याकडे अजून एक घोळ, शॉप फ्लोअरवर रंगालाही डाय म्हणतात, एक्स्ट्रूडरच्या तोंडालाही डाय आणि साच्यालाही डायच. एकदा ऑपरेटरने फोन करून "साहेब, डायमुळे प्रॉब्लेम येतोय" सांगितलं, मी अर्धा तास रंगावर लेक्चर दिलं, आणि तो बिचारा बंद पडलेल्या हीटर बँडबद्दल बोलत होता. म्हणून इथे रंगाला रंगच म्हणतो.

आता मेल्टिंगचं. नायलॉनच्या धाग्यात काही भाग घडी घालून रचून ठेवलेल्या साड्यांसारखा असतो, म्हणजे क्रिस्टल, आणि बाकीचा नुसता गुंता. रंगाचा रेणू मोठा असतो, तो रचलेल्या घडीत शिरूच शकत नाही, तो गुंत्यात जाऊन बसतो. मेल्टिंग पॉईंट म्हणजे ती घडी मोडायचं तापमान. मग गुंत्यात दोन-तीन टक्के रंग बसला म्हणून घडी मोडायचं तापमान कितीसं हलणार? एखाद-दोन डिग्री, फार तर. आणि डीएससीत एखाद-दोन डिग्री तर सॅम्पल पाच मिलिग्रॅमऐवजी दहा घेतलं, किंवा चिंधी पॅनच्या तळाला नीट टेकली नाही, तरी इकडेतिकडे होतात. २२१ आणि २१९ या फरकावर मी तरी कुठलीच सेटिंग बदलणार नाही.

शिवाय डीएससीत नमुना एकदा वितळवून, गार करून परत तापवतात, तर तो आकडा पहिल्या हीटिंगचा आहे की दुसऱ्या, हे रिपोर्टवर लिहिलंय का बघा. पहिल्या हीटिंगमध्ये मालाचा सगळा भूतकाळ दिसतो. कापड स्टेंटरवर (कापड ताणून तापवायचं मशीन) १९० डिग्रीला हीट सेट झालं असेल तर त्याची खूण छोट्या खांद्यासारखी मेन पीकच्या आधी दिसते. रंगवताना ते तासभर ९८-१०० डिग्रीच्या पाण्यात होतं, आणि ओलं नायलॉन म्हणजे मऊ पडलेलं नायलॉन, कोरडं असताना ज्याचा काच-बिंदू (ज्याच्या वर गुंता मऊ पडतो ते तापमान) पन्नासच्या आसपास असतो तो पाणी पिऊन खूप खाली येतो, नायलॉनच्या लांब रेणूंच्या साखळ्या हलतात आणि क्रिस्टल स्वतःला नीट करून घेतात. म्हणजे उकळत्या बाथमध्ये एक चमचा रंग न टाकता नुसतं पाणी, ॲसिड आणि तेवढाच वेळ दिला तरी पहिल्या हीटिंगचा आलेख बदलेल. याला ब्लँक डाईंग म्हणतात. रंगाचा परिणाम मोजायचा तर तुलना त्या ब्लँक डाईंग केलेल्या कापडाशी करायला हवी, कोऱ्या कापडाशी नाही. बरेच लोक इथेच फसतात, बाथच्या उष्णतेचा परिणाम रंगाच्या नावावर खपवतात. तुमचा माल तर नंतर एकदा वितळून दाणा झालाय, त्यामुळे दुसरं हीटिंगच बघा, त्यात बहुतेक दोन्ही लॉट जवळजवळ सारखेच दिसतील.

तुम्हाला जे हवंय ते कूलिंगच्या आलेखात आहे, आणि तो बहुतेक जण बघतच नाहीत कारण रिपोर्टच्या पहिल्या पानावर मेल्टिंग मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तुम्ही पाठवलेल्या कागदांत दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात आहे: पांढरा १९० ला गोठतोय, काळा १८१ ला. हा नऊ डिग्रीचा फरक म्हणजेच तुमचे सात-आठ सेकंद. साच्यात माल वितळवायचा नसतो हो, गोठवायचा असतो. गोठायला उशीर झाला की पार्ट बाहेर पडताना अजून मऊ असतो, इजेक्टर पिन रुततात, चिकटतो, मग ऑपरेटर कूलिंग टाइम वाढवतो.

काळा उशिरा का गोठतो याला दोन बाजू आहेत आणि पहिली ऐकून तुम्हाला नवल वाटेल: निम्मा दोष पांढऱ्याचा आहे, म्हणजे तो मुळातच घाईत गोठतोय. कापडाचं पांढरं सूत साधं पांढरं नसतं, त्यात चमक कमी करायला टायटॅनियम डायऑक्साइड असतं, सेमी-डल असेल तर ०.३ टक्क्यांच्या आसपास, फुल-डल असेल तर दीड-दोन टक्के. न विरघळणारे बारीक कण वितळलेल्या मालात असले की क्रिस्टलला विरजण मिळतं, तिथून तो धरायला लागतो. वर रिसायकल माल, साखळ्या जरा तुटलेल्या, धूळ-कचरा आलेला, म्हणून तो व्हर्जिनपेक्षा बऱ्याचदा वरच्याच तापमानाला गोठतो. म्हणजे पांढऱ्याला बेसलाईन धरून काळ्याला आरोपी करणं बरोबर नाही. काळं सूत ब्राइट होतं की डल ते सप्लायरला विचारा, त्याला माहीत नसणार, पण विचारा. नाहीतर थोडा दाणा भट्टीत जाळून राख मोजा, पांढऱ्याची राख काळ्यापेक्षा बरीच जास्त निघाली तर कळलंच.

दुसरी बाजू खरोखर रंगाची. नियम ढोबळ आहे पण मला आजवर उपयोगी पडलाय: जे वितळलेल्या नायलॉनमध्ये विरघळतं ते गोठणं लांबवतं, जे विरघळत नाही ते गोठणं लवकर आणतं. कार्बन ब्लॅक विरघळत नाही, फ्थॅलोसायनिनचे निळे-हिरवे पिगमेंट विरघळत नाहीत, ते विरजण. निग्रोसिन हा काळा रंग विरघळतो, आणि मोल्डिंगवाले नायलॉनला काळा करायला तो मुद्दाम वापरतात कारण त्याने गोठणं खाली येतं, माल साच्याच्या भिंतीवर नीट पसरतो आणि पार्टला चकाकी येते. म्हणजे दोन दाणे, दोन्ही काळे कुळकुळीत, डोळ्याला फरक शून्य, आणि गोठण्यात उलट्या दिशेला. रंग कुठला दिसतो याने काही ठरत नाही, रंग कुठल्या जातीचा आहे याने ठरतं. कापडाचे ॲसिड डाय (ॲसिडच्या बाथमध्ये चढणारे रंग) आणि मेटल कॉम्प्लेक्स डाय (रेणूत धातू असलेले रंग) बऱ्याच अंशी निग्रोसिनच्या बाजूचे, मोठे सपाट रेणू, साखळ्यांमधल्या हायड्रोजन बाँडमध्ये लुडबुड करतात, साखळ्या घडी घालायला बसल्या की मध्ये कोपर घालतात.

रंग किती असतो याचा हिशोब एकदा करून बघा, मजा येते. गडद काळ्याला कापडाच्या वजनावर चार टक्के रंग टाकला असं धरू. एक किलो कापडाला ४० ग्रॅम पावडर. आता बाजारातली रंगाची पावडर म्हणजे शुद्ध रंग नसतो, स्ट्रेंग्थ जुळवायला त्यात ग्लॉबर सॉल्ट, डेक्स्ट्रिन वगैरे घातलेलं असतं, निम्मा खरा रंग धरला तर २० ग्रॅम. रेणुभार ६०० धरा, म्हणजे सुमारे ३३ मिलिमोल. आणि नायलॉनच्या एका किलोत ॲसिड डायला धरायला जागा किती? साखळीच्या टोकाचे अमाइन गट, ते साधारण ४० ते ५० मिलिमोल. म्हणजे गडद काळ्यात साखळीच्या बहुतेक टोकांवर एकेक रंगाचा रेणू चिकटून बसलेला आहे. फिकट गुलाबी किंवा आकाशी असेल, अर्धा टक्का रंग, तर हे सगळं विसरून जा, गोठण्यात फरक शोधून सापडणार नाही. त्रास काळा, नेव्ही, गडद मरून, बॉटल ग्रीन यांचा.

इथपर्यंत गोठण्याचं. पण तुमचा पार्ट तुटतोय आणि वास येतोय, ते गोठण्याने होत नाही. तिथे रंग आणि रंगाबरोबर आलेली मंडळी वितळलेल्या मालात काय करतात ते बघायला लागतं.

रंग शंभर डिग्रीच्या पाण्यासाठी बनवलाय, २५० डिग्रीच्या बॅरलसाठी नाही. त्यात वितळलेलं नायलॉन स्वतःच रिड्यूसिंग असतं, रंगातला ॲझो बाँड (दोन नायट्रोजनमधला जोड) फोडायला फार मदत करतं. म्हणूनच तर प्लास्टिकचे कितीतरी पिगमेंट पीपीमध्ये (पॉलिप्रोपिलीन) छान चालतात आणि नायलॉनमध्ये मरतात. ॲझो जातीचे लाल, नारिंगी, पिवळे आधी जातात, अँथ्राक्विनोनचे निळे जास्त टिकतात, क्रोम-कोबाल्टवाले मेटल कॉम्प्लेक्स त्याहून चिवट. मशीन बंद करताना जो लोंढा जमिनीवर काढता ना, तो फेकू नका, गार झाल्यावर हातोडीने फोडा. मी एकदा मरून लॉटचा असा गोळा फोडला होता, बाहेरून चॉकलेटी आणि आत जिथे माल जास्त वेळ गरम राहिला तिथे भिजवलेल्या मुलतानी मातीचा रंग, आणि मध्ये फुग्यांची जाळी. ते फुगे म्हणजे काही पाण्याची वाफ आणि काही रंग फुटून निघालेला वायू. तुमच्या काळ्याचा गोळा फोडून बघा, आत हिरवट किंवा खाकी झाक असेल तर काळ्याच्या मिश्रणातला एखादा घटक मेलाय असं समजा, काळा रंग बहुतेक वेळा दोन-तीन रंगांची खिचडी असतो.

पण खरं सांगू का, माझ्या अनुभवात साखळी तोडण्यात रंगापेक्षा त्याच्या सोबत्यांचा हात जास्त. गडद रंग धुण्यात जाऊ नये म्हणून शेवटी सिंटॅनचं फिक्सिंग करतात, ते सल्फोनिक गटवालं रेझिन, धाग्याच्या अंगावर थर देऊन बसतं. बाथ ॲसिडचा, पीएच साडेचार-पाच, नंतरचं धुणं घाईत उरकलेलं असतं कारण पाणी महाग. मग सॉफ्टनर, विणकामाचं तेल. या सगळ्यासकट ती चिंधी तुमच्या ॲग्लो मशीनमध्ये (चिंध्यांचे घट्ट गोळे करणारं) येते. वर पाणी. नायलॉनचा धागा साध्या हवेत चार टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतो, पावसाळ्यात आपल्याकडे त्याहून जास्त. ॲसिड, पाणी आणि अडीचशे डिग्री, अमाइड बाँड, म्हणजे नायलॉनच्या साखळीचे सांधे, तोडायला यापेक्षा चांगली कृती नाही. पांढऱ्या लॉटलाही पाणी असतंच, पण ॲसिड आणि सिंटॅन नसतं, म्हणून तो तेवढ्याच वाळवणीत निभावतो आणि तुम्हाला वाटतं वाळवणी बरोबर आहे.

हे तपासायला मोठी लॅब लागत नाही. दहा ग्रॅम काळी चिंधी शंभर मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये वीस मिनिटं उकळा, पाण्याचा पीएच पट्टीने बघा आणि रंग बघा. पाणी शाईसारखं झालं आणि पीएच पाचच्या खाली आला तर तो माल धुतल्याशिवाय एक्स्ट्रूडरमध्ये जाता कामा नये. सोडा ॲश टाकून साठ-सत्तर डिग्रीला धुवा, मग साध्या पाण्याने दोनदा, शेवटच्या पाण्याचा पीएच सातच्या जवळ येईपर्यंत. काहीजण हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) टाकून रंगच उतरवायला जातात. करू नका असं नाही, पण रंग दिसेनासा होतो म्हणजे गेला असं नसतं, ॲझो बाँड तुटून त्याचे तुकडे कधी आतच राहतात, मेटल कॉम्प्लेक्सचा धातू राहतो, आणि ते सांडपाणी कुठे सोडणार हा प्रश्न वेगळाच. काळ्यापासून काळाच पार्ट करायचा तर उतरवायची गरज काय?

वाळवणी ८० डिग्रीला डीह्युमिडिफाइंग ड्रायरमध्ये, पाणी ०.१ टक्क्याच्या आसपास येईपर्यंत, मॉइश्चर मीटरवर बघून, घड्याळावर नाही. साध्या गरम हवेच्या ट्रे ड्रायरमध्ये पावसाळ्यात नायलॉन वाळत नाही, तो फक्त गरम होतो. आणि लवकर वाळावं म्हणून १२० ला नेऊ नका, हवेत पिवळा पडतो, काळ्यात ते दिसत नाही म्हणून लोक बिनधास्त करतात.

मग एमएफआय, म्हणजे वितळलेला माल ठरलेल्या वजनाखाली किती पातळ वाहतो तो आकडा. नुसता एक आकडा काढून उपयोग नाही. वाळवलेला दाणा २३५ डिग्रीला २.१६ किलोवर, आधी पाच मिनिटं थांबून, मग नवीन चार्ज घेऊन पंधरा मिनिटं थांबून, असा दोनदा काढा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर माल उष्णतेत टिकतोय. दुसरा आकडा दणकून वाढला तर आत साखळ्या तुटण्याचं काम चालूच आहे, आणि तुमच्या बॅरलमध्ये जेवढा वेळ माल राहील तेवढा तो तुटणार. पांढरा आणि काळा दोन्ही करा, शेजारी शेजारी ठेवा. हे दोन-दोन आकडे मला त्या डीएससीच्या मेल्टिंगपेक्षा शंभरपट कामाचे वाटतात. थोडे पैसे अजून खर्च करायचे असतील तर नायट्रोजनमध्ये टीजीए (तापवत जाऊन वजन किती घटतं ते मोजणं) करा. नायलॉन स्वतः चारशेच्या पुढेच कोसळतो, त्यामुळे तिथे बघू नका, १५० ते ३०० च्या मधला उतार बघा. तिथे जे वजन जातं ते तेल, सिंटॅन, सुटा कॅप्रोलॅक्टम (ज्यापासून नायलॉन ६ बनतं ते रसायन), आणि कमी तापमानाचे रंग. तुमचा वास तिथला आहे. एक्स्ट्रूडरला व्हॅक्यूम व्हेंट असेल तर त्याची जाळी साफ आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी ती मेणकट पांढऱ्या थराने बुजलेली असते आणि पंप नुसता आवाज करत असतो.

डीएससीत अजून एक गोष्ट बघायला सांगा, २५० च्या आसपास छोटा उंचवटा आहे का. असला तर तो पॉलिएस्टर, कापलेल्या कपड्यांच्या शिलाईचा दोरा. २६० ला उंचवटा असला तर नायलॉन ६६ मिसळलंय. म्हणजे बॅरल २४० असो की सप्लायरचं ऐकून २३० केलेली, ते दोरे वितळणारच नाहीत आणि पार्टमध्ये खड्यासारखे बसतील, तुटायला अजून एक जागा. आता तुमची बॅरल सध्या २७० वगैरे असेल तर मात्र खाली आणाच, २४५-२५० वर, पण ती रंग आणि साखळ्या वाचवायला, मेल्टिंग खाली आलंय म्हणून नाही. आणि बदल करताना शॉट साइज आणि मशीन जुळतंय का बघा, मोठ्या बॅरलवर छोटा पार्ट मारला की माल आत दहा-दहा मिनिटं शिजतो.

गोठणं परत वर आणायचा सोपा उपाय म्हणजे थोडी कार्बन ब्लॅकची मास्टरबॅच (रंग दाट मिसळलेला दाणा), पण ती नायलॉन कॅरिअरची, म्हणजे नायलॉनमध्ये मिसळलेली घ्या, स्वस्तातली पीई (पॉलिथिलीन) कॅरिअरवाली नको, ती नायलॉनमध्ये जुळत नाही आणि पार्टचे पापुद्रे निघतात. कार्बन ब्लॅक विरजणाचं काम करेल, विरघळलेल्या रंगाने लांबवलेलं गोठणं बरंचसं भरून निघेल, आणि लॉटमागून लॉट काळ्याची छटा बदलते ती पण झाकली जाईल. एक-दोन ट्रायल घ्या आणि पार्टचं माप परत तपासा, कारण लवकर गोठला की श्रिंकेज बदलतं, चाकाचं भोक सैल-घट्ट होईल. हीट स्टॅबिलायझर म्हणून कॉपर आयोडाइडचा पॅक किंवा फिनॉलिक अँटिऑक्सिडंट टाकतात, ते चांगलं आहे पण ते हवेतल्या उष्णतेसाठी, ॲसिड आणि पाण्याने जे तुटतंय ते त्याने थांबणार नाही, त्यामुळे आधी धुणं आणि वाळवणी, मग हे.

रंगाची कटकट मुळातूनच नको असेल तर नायलॉन ६ ला एक रस्ता आहे, साखळी पूर्ण उलगडून परत कॅप्रोलॅक्टम करायचं आणि ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायचं, रंग तळाच्या गाळात राहतो. ॲक्वाफिल कंपनी स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला २०११ पासून हे करते, मासेमारीची जाळी आणि गालिचे घेऊन. पण तो मोठ्या प्लांटचा धंदा आहे, तुमच्या-माझ्या शेडमधला नाही.

लायक्राचं तर बोललोच नाही. तुमच्या काळ्या गठ्ठ्यात लेगिंग, स्विमसूट, स्पोर्ट्सवेअरचे तुकडे आहेत का ते आज हाताने ताणून बघा. ताणून सोडल्यावर चटकन परत आला तर त्यात स्पँडेक्स आहे, ते पॉलियुरेथेन, नायलॉनच्या तापमानाला फुटतं, पिवळे चिकट जेल आणि डोळ्यात झोंबणारा वास देतं, आणि असा ताणणारा माल बाजारात बहुतेक काळाच असतो, म्हणून रंगाला उगाच शिव्या बसतात. मी ऐकलेल्या "काळ्या रंगाच्या" तक्रारींमध्ये निदान तिसरा हिस्सा तरी या लायक्राचा निघाला असेल. तसे तुकडे सापडले तर तो गठ्ठा परत पाठवा, धुऊन काही होणार नाही.

आणि पार्ट तुटतो म्हणताय तो मशीनमधून काढल्या-काढल्या वाकवताय का? ताजा नायलॉन कोरडा असतो, चांगला मालसुद्धा तेव्हा ठिसूळ वाटतो. दोन्ही लॉटचे पाच-पाच पार्ट गरम पाण्यात टाका, रात्रभर तसेच राहू द्या आणि सकाळी पुसून वाकवा. तरीही काळाच तुटला तर साखळी गेलीये, मग उकळलेल्या पाण्याचा पीएच आणि एमएफआयचे चारही आकडे इथेच टाका, पुढचं त्यावर बघू.